हात टेकायची जागा

"अजून वीस वर्षं घाला, काका," मालक म्हणाले. "नवंकोरं दिसतंय हे."

पॉलिशकाकांनी साखळी पुन्हा उचलली आणि टेबलाच्या फळीवर सैल हाताने आपटली. लाकडाला बारीक पोचे पडले. लोखंडी खिळे भिजवलेल्या काळ्या पाण्यात त्यांनी चिंधी बुडवली, पोच्यांवरून फिरवली आणि लगेच कोरड्या फडक्याने फळी पुसून घेतली. काळेपणा तेवढा पोच्यांत राहिला.

"आता?"

"आता कसं! थेट आजोबा दिसायला लागले." मालक खूश झाले.

दुकानात भिंतीला लावायची लांबट, अरुंद टेबलं विकली जात. घरात शिरल्या शिरल्या किल्ल्या टाकायला, वर आरसा टांगायला. गिऱ्हाइकं त्यांना कन्सोल म्हणत. पुढच्या दालनात त्यांच्या तीन रांगा होत्या: अँटिक, व्हिंटेज आणि मॉडर्न. मागच्या कारखान्यात मात्र सगळी एकाच सुताराच्या हाताखालून निघत. सुतार म्हणायचा, "सख्खी भावंडं आहेत हो. एकाला काकांनी साखळीने बडवलं, एकाला चहाच्या पाण्याने अंघोळ घातली, आणि धाकटं लाडाचं, म्हणून तसंच सोडलं."

मालक फक्त 'जुन्या धाटणीचं' एवढंच म्हणत. त्यापुढचं सगळं गिऱ्हाईक स्वतःच बोले, "किती हात फिरले असतील ना यावरून!" पडद्याआडून ते ऐकताना काकांना कधी लाज वाटली नव्हती. उलट छाती दोन बोटं फुगायची.

साखळी खुंटीला अडकवत होते, तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, रविवारी टेम्पो घेऊन येतोय आम्ही. आईचं टेबल नेऊ ना मी?"

"ने की. विचारतेस काय?"

"आणि त्याला हात लावू नका हं. मी नेणार म्हटल्यावर तुम्ही लगेच फडकं घेऊन बसाल. आईचा हात टेकून टेकून त्या कडेला झालंय ना, काळपट, गुळगुळीत, ते मला तसंच हवंय. बाकी टेबल मोडकं असलं तरी चालेल."

काकांनी खुंटीवरची साखळी उगाच सरळ केली.

"बाबा? आहे ना ते?"

"आहे की," काका म्हणाले. "जाणार कुठं?"

ते नव्हतं.

बायको गेल्यानंतर काही दिवसांनी काकांनी स्वतःच ते टेबल घासून काढलं होतं. ती जन्मभर म्हणत आली, "अहो, जगाची टेबलं चमकवता, आपल्या टेबलाने काय पाप केलंय?" ते म्हणायचे, "बघू." ती गेली, भेटायला येणारी माणसं थांबली, घरात करण्यासारखं काही उरलं नाही. मग त्यांनी पॉलिशपेपर हातात घेतला. आतलं लाकूड उघडं पडेपर्यंत घासलं. लाखेचे हातावर हात चढवले. टेबलात स्वतःचा चेहरा दिसायला लागला तेव्हा ते मोठ्याने म्हणाले होते, "घे. झालं तुझं टेबल." त्या दिवशी ते पोटभर जेवले होते.

आणि आता त्यांना कळत होतं की त्या दिवशी जमिनीवर पडलेला भुसा आपण झाडून बाहेर टाकला, त्यात काय काय होतं.

उलट फोन लावून सांगता आलं असतं. दोनदा त्यांनी तो हातात घेतला. पण काय सांगणार? इतरांची टेबलं जुनी करणाऱ्या बापाने घरातलं एकच खरं जुनं टेबल नवं करून ठेवलंय म्हणून?

त्यांनी कारखान्यातून एका डबीत मेण आणलं, दिव्याची काजळी खरवडून घेतली, थोडं तेल घेतलं. शनिवारी दुपारी दार लावून टेबलासमोर बसले. काम हातातलं होतं. कड आधी बोथट करायची, मग तेल आणि काजळी तळहातानेच मुरवायची. फडक्याने केलं तर खोटं दिसतं; माणसाच्या हाताचा डाग माणसाच्याच हाताने पडतो.

पण कुठली कड? उजवीकडची की डावीकडची?

शेवटच्या आजारात बायको रोज सकाळी आतल्या खोलीतून भिंत धरत धरत यायची. ते कामावर निघताना दाराशी येऊन या टेबलाला धरून उभी राहायची. रोज. त्यांनी डोळे मिटले. त्यांना तिचे पाय दिसले. सुजलेले घोटे, टाचांच्या भेगा, झिजलेली रबरी चप्पल. कारण ते त्या वेळी वाकून बुटाची नाडी बांधत असायचे. पायांचं सगळं आठवत होतं. हात आठवत नव्हता. निघताना मान वर करून आपण कधी नीट बघितलंच नाही, हे त्यांना त्या टेबलासमोर बसून समजलं, आणि एकट्या घरातही त्यांना कुणीतरी बघत असावं तसं अवघडल्यासारखं झालं.

माणूस उजव्या हाताने धरतो, असा हिशेब त्यांनी केला आणि उजवी कड घेतली.

संध्याकाळपर्यंत डाग तयार झाला. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून आजवर कुठल्याही गिऱ्हाइकासाठी झालं नव्हतं. त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच शरम वाटली.

रविवारी मुलगी आली ती चपलाही न काढता सरळ टेबलाकडे गेली. तिचा हात डाव्या कडेवर पडला आणि तिथेच राहिला. तिथे नुसती चकाकी होती.

जावई मागून आले. "अगं, हीच ना ती जागा? तू सांगत असतेस ती?" ते उजव्या कडेजवळ वाकले होते. "बघ कशी झिजलीय! अशी गोष्ट विकत मागितली तरी मिळायची नाही."

मुलीने तिकडे बघितलं. मग वडिलांकडे. काका फरशीकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली. "हीच."

"मी टेम्पोत गोधडी अंथरतो. ओरखडा पडायला नको," म्हणत जावई बाहेर गेले.

दोघंच उरली. मुलीने चपला काढल्या, कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या.

"कधी घासलंत?"

"आई गेल्यावर. तिला हवं होतं म्हणून. चकचकीत हवं होतं तिला."

"मग फोनवर सांगायचं होतं ना मला."

"लाज वाटली गं."

"आणि हे रंगवून ठेवताना नाही वाटली?"

"वाटली," काका म्हणाले. "म्हणून तर जास्त नीट केलं."

मुलीला हसू आलं की रडू, तिचं तिलाच ठरवता येईना. ती स्टुलावर बसली.

"बाबा, बाजू चुकलीय."

"मला आठवेना. खरंच आठवेना. रोज समोर उभी असायची, आणि मला..."

"डबा कुठल्या हाताने द्यायची तुम्हाला?"

काकांनी वर बघितलं. डबा शेवटी शेवटी ते स्वतःच भरायचे. पण हातात द्यायचा तिनेच, हा तिचा हट्ट होता. भरलेला डबा ते तिच्या उशाशी नेऊन ठेवायचे आणि ती तो दारापर्यंत घेऊन यायची. डब्याची कडी त्यांच्या बोटांना आठवत होती. गरम असायची.

"उजव्या," मुलगी म्हणाली. "उजव्या हातात डबा. मग धरायला कुठला उरला?"

काकांनी डाव्या कडेकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "कशी यायची? दाखवतेस?"

मुलगी उठली आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेली. तिथून ती हळूहळू चालत आली, एक पाय किंचित ओढत, डावा हात भिंतीवर. टेबलाशी आल्यावर तिने कडेला गच्च धरलं, दम खाल्ला आणि रिकामा उजवा हात पुढे केला.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. "अगं, उचलायचं ना?" जावयांची हाक आली.

"थांबा जरा," ती ओरडली.

"परत एकदा," काका म्हणाले.

मुलगी मागे फिरली. काका दाराशी ताठ उभे राहिले, मान वर करून, आणि आतल्या खोलीकडे बघत राहिले.