हुमल्यांचे डोहाळे

माझी सून सुलोचना इब्रामपूरची. डिचोलीला आमच्या घरी आली तेव्हा चांगली गुटगुटीत होती, पण दिवस गेल्यावर पाचव्या महिन्यात तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. पोटात अन्न जाईना. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर दोघांच्याही जिवाला धोका. मी खीर केली, सांजा केला, पाववाल्या पोदेराकडून गरम उंडे घेतले. तिचं आपलं एकच, "बरां आसा, मांय," आणि ताट तसंच. माझं डोकं फिरलं. एवढे कसले नखरे!

शेवटी हात धरून समोर बसवली.

"कितें खावंक जाय तें सांग. डोहाळे दडवले तर पोटातल्या भुरग्याचे कान फुटतात."

ती रडायलाच लागली. "हुमल्यांची चटणी खावशी वाटता. पण तुमी हसतलास."

हुमले म्हणजे झाडावर पानं जोडून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या. माझ्या तोंडून "शी!" निघालंच. तिचा चेहरा एवढासा झाला, आणि मला माझीच लाज वाटली. नदीच्या चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या आणि कुर्ल्या बोटं चाटत खाणारी मी. मुंगीनेच काय घोडं मारलं होतं?

परसातल्या काजूवर हुमल्यांचं घर होतं. जयराम, माझा मुलगा, खाणीवर कामाला गेलेला. मग मीच काठीला कोयती बांधली. घर बाल्दीत पडलं आणि निम्मे हुमले माझ्या चोळीत. मी अशी काही नाचले, की शेजारीण धावत आली, हिच्या अंगात आलं की काय म्हणून!

सुलोचना दारात बसून सांगत गेली, तसं मी करत गेले. हुमले अंड्यांसकट तव्यावर भाजले, मिरची, खोबरं, मीठ घालून पाट्यावर वाटले. आंबटसर वास घरभर पसरला.

तिने भाताबरोबर पहिला घास घेतला. मी देवाचं नाव घेत बघत होते. दुसरा घेतला, तिसरा घेतला आणि ती थांबली. मी पुढे सरकले.

"मांय, मीठ वायच जास्त पडला."

दोन वर्षांत माझ्या हातच्या कशालाही तिने नाव ठेवलं नव्हतं. तसं नाव ठेवलेलं मी नवऱ्याचंही ऐकून घेत नाही. त्या दिवशी मात्र माझे डोळे भरून आले.

"मग भात घे आनीक," मी म्हटलं.

तिने ताट पुढे केलं.