जांभळा दगड आणि बंद दिवा

शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता ऑटव्याच्या कनाटा उपनगरात हेमचंद्रच्या बेसमेंटमध्ये एक जांभळा दगड पांढरा झाला.

दगड लिंबाएवढा होता आणि अपूर्वाच्या गळ्याखाली, दोन हाडांमधल्या खळगीत ठेवला होता. ती सोफाबेडवर शाल पांघरून पडली होती. वर गॅरेजमधला मोठा हॅलोजन दिवा लावला होता. भोवती मराठी मंडळातली चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती, जिन्यापाशी ओल्या स्नोबूटांचा ढीग पडला होता, आणि कुणीही खोकतसुद्धा नव्हतं. आधी दगडाच्या कडा फिकट झाल्या, मग मधलं गडद जांभळं उतरत गेलं, वांग्यासारखं होतं ते जास्वंदीच्या गुलाबीवर आलं, आणि शेवटी धुतलेल्या मिठाच्या खड्यासारखा राखी-पांढरा दगड तेवढा उरला.

"गेला," आजार दगडात ओढून घेणारे उल्हासजी म्हणाले.

चाळीस तोंडांतून एकदमच उसासा निघाला. उन्मेषच्या तोंडातून नाही. तो तिचा नवरा, अपूर्वाच्या पायाशी बसला होता. बायोप्सीचा रिपोर्ट आल्यापासून त्याला सगळं कानटोपीतून ऐकू आल्यासारखं ऐकू येत होतं. दगड पांढरा झाला हे त्याला दिसलं. आनंद व्हायला हवा, हेही समजलं. झाला नाही.

२००९चा फेब्रुवारी संपत आला होता. टेलिकॉम कंपन्यांतल्या नोकऱ्या एकामागून एक जात होत्या, उन्मेषची डिसेंबरातच गेली होती. त्याच महिन्यात अपूर्वाच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. सर्जनच्या ऑफिसनं ऑपरेशनची तारीख दिली, ती अपूर्वानं पुढे ढकलली. दुसरी तारीख येत्या गुरुवारची. ती ठेवायची की सोडायची, ते सोमवारी सकाळी फोन करून कळवायचं होतं.

"तारीख सोडून द्या, ताई," उल्हासजी दगड रेशमी रुमालात गुंडाळत म्हणाले. अंगात बंडी, गळ्यात स्फटिकांची माळ, पायात हेमचंद्रच्या बायकोनं दिलेले लोकरी मोजे. "पहिल्या बैठकीला रंग उतरायला किती वेळ लागला होता? लोकांचा चहा गार झाला होता. आज चहा यायच्या आत उतरला. आजार म्हणजे काय? आजार म्हणजे रंग. फ्रिक्वेन्सी डाउन झाली की कलर लूज होतो. हे प्युअर सायन्स आहे. मी फक्त कुरिअर."

"आणि हे नुसतं ऐकीव नाही," हेमचंद्र नव्यानं आलेल्यांकडे वळून म्हणाला. "आपल्या उन्मेषनं स्वतः टेस्ट केलंय. पंधरा वर्षं क्यू.ए. केलंय त्यानं, टेस्टिंगचंच काम."

मान्या हलल्या. उल्हासजींचा दगड गावभर झाला तो या एका वाक्यावर. बुवांवर विश्वास ठेवणारी ही मंडळी नव्हती. पुण्या-नागपूरची इंजिनीअर माणसं, कुणी अंगारा दिला तर नॅपकिनला पुसणारी. पण टेस्ट केलंय म्हटल्यावर त्यांचा इलाज नव्हता.

टेस्ट खरंच झाली होती. पहिल्या बैठकीनंतर उन्मेषनं दगड मागून घेतला होता, आणि उल्हासजींनी हसत दिला होता. अपूर्वाच्या गळ्याशी ठेवला, रंग गेला. पुढच्या वेळी जांभळा असताना रिकाम्या सोफ्यावर ठेवला, रंग जसाच्या तसा. टिनच्या डब्यात, उशीखाली, कपाटात ठेवून पाहिला. रंग हलला नाही. माणूस असेल तरच उतरतो, नसेल तर उतरत नाही. रंग उतरायला किती वेळ लागतो त्याचा त्यानं ग्राफसुद्धा काढला होता. बैठकीगणिक रेघ खाली येत होती.

"मला एक विचारायचंय," मागून आवाज आला.

सुमेधा होती. अपूर्वाची नागपूरची कॉलेजमैत्रीण, आता ऑटव्यात एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना खनिजशास्त्र शिकवायची. स्कार्फ अजून गळ्यातच होता.

"विचारा ना, ताई," उल्हासजी म्हणाले. "शंका हासुद्धा एक रंगच आहे."

"तुम्हाला नाही, उन्मेषला. उन्मेष, रिकाम्या सोफ्यावर दगड ठेवलास तेव्हा हा दिवा चालू होता?"

"दिवा?"

"हा. हॅलोजन."

"दिवा कशाला लावेन? पेशंटच नव्हता ना."

तो हे बोलला आणि थांबला. पंधरा वर्षं हाताखालच्या पोरांना त्यानं एकच गोष्ट घोकायला लावली होती, एका वेळी एकच गोष्ट बदला. त्यानं दोन बदलल्या होत्या. माणूस काढला होता आणि दिवाही घालवला होता. हायड्रोचं, म्हणजे विजेचं, बिल वाचवायची सवय. खोलीतून निघताना बटण बंद.

"मग आता लावून बघू," सुमेधा म्हणाली.

"दगड थकलाय," उल्हासजी म्हणाले. रुमाल एव्हाना त्यांच्या चंदनी पेटीत गेला होता. ही पेटी ते संपुट म्हणत. रात्रभर दगड संपुटात जप ऐकतो आणि सकाळी पुन्हा आजार ओढायला तयार होतो, असं त्यांचं म्हणणं.

"राहू द्या. मी माझा आणलाय."

तिनं कोटाच्या खिशातून एक हातमोजा काढला आणि हातमोज्यातून दगड. तसाच राखी-पांढरा. "परवा अपूनं फोनवर वर्णन केलं तेव्हाच शंका आली होती. हा आमच्या लॅबच्या ड्रॉवरमधला. बॅनक्रॉफ्टजवळ सापडतो. इथून तीनेक तासांचा ड्राइव्ह. हेमचंद्र, मागच्या समरला तुम्ही सगळे तिकडेच कॅम्पिंगला गेला होतात ना? त्याच रस्त्यावर."

"आम्ही मक्याची कणसं भाजत होतो," हेमचंद्र पुटपुटला.

तिनं बुटांचा रिकामा खोका मागितला. खोक्यात दगड ठेवला, त्यावर टॉर्चएवढा एक दिवा उपडा धरला आणि कडेनं स्कार्फ दाबून बसवला. "हा अतिनील प्रकाश. डोळ्यांना वाईट, म्हणून झाकला." मग ती स्वस्थ बसून राहिली. वर किचनमध्ये कुणीतरी कुकरचं झाकण उघडलं.

खोका उघडला तेव्हा दगड जांभळा होता.

"अगं बाई!" हेमचंद्रची बायको म्हणाली.

"आता पेशंट हवा," सुमेधा म्हणाली. "तो काय कोपऱ्यात?"

कोपऱ्यात आट्याचं पोतं होतं. दगड पोत्यावर, हॅलोजन दगडावर. सगळे वाकून बघायला लागले. कडा फिकट झाल्या, वांग्याचा रंग जास्वंदीवर आला, मग मिठावर.

"आट्याला काय झालं होतं?" कुणीतरी विचारलं आणि पहिल्यांदा हसू फुटलं.

उल्हासजी डगमगले नाहीत. "धान्य आहे ते. धान्य सजीव असतं. दळताना त्याला वेदना होतात."

"बरं. मग तो शोव्हल द्या."

खोका, दिवा, पुन्हा जांभळा. मग दगड बर्फ उपसायच्या शोव्हलच्या पात्यावर. पुन्हा पांढरा.

"शोव्हलला पाठदुखी असणार," मागचा एक म्हणाला. "या विंटरला सगळ्यांनाच आहे."

हशा वाढला. उन्मेष हसला नाही. तो उठला, चंदनी पेटीपाशी गेला. उल्हासजी म्हणाले, "दादा, अपवित्र हातानं नको." त्यानं झाकण उघडलं, रुमाल बाजूला केला आणि तळाचं मखमली कापड वर खेचलं. खाली बोटभर लांबीची, अतिनील दिव्याची काचेची नळी होती, शेजारी बॅटऱ्या आणि एक छोटा टायमर. टायमर त्यानं ओळखला. असे टायमर त्यानं शेकड्यांनी तपासले होते. रेघ खाली का येत होती तेही कळलं. दर बैठकीला दगड आदल्या वेळेपेक्षा कमी वेळ रंगवला की झालं. रंग फिका, म्हणून लवकर जाणार. ग्राफ उल्हासजींनीच त्याच्या हातून काढवून घेतला होता.

सुमेधा आट्याच्या पोत्यावर टेकली. वर्गात सांगते तसंच तिनं सांगितलं.

"याचं नाव हॅकमनाइट. सोडालाइटचा एक प्रकार. अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू एकमेकांना जोडून याच्यात पिंजरे होतात. एकाला एक लागून, अगदी एकसारखे. प्रत्येक पिंजऱ्यात सोडियम आणि क्लोरीन. पण काही पिंजऱ्यांत क्लोरीनची जागा रिकामी राहते, आणि थोडं गंधकही असतं. अतिनील प्रकाश पडला की गंधकाकडचा इलेक्ट्रॉन उडतो आणि त्या रिकाम्या जागेत अडकतो. अडकलेला इलेक्ट्रॉन हिरवा-पिवळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून आपल्याला जांभळं दिसतं. साधा लख्ख प्रकाश पडला की तो सुटतो, परत जातो. दगड पांढरा. अंधारात त्याला सोडवणारं कुणी नसतं, म्हणून डब्यात रंग टिकतो. दगडाला तुमच्यातलं काहीच कळत नाही. शेजारी कुणी आहे की नाही हेसुद्धा त्याला माहीत नसतं."

"पण सायन्सच आहे ना, मी तेच म्हणत होतो," उल्हासजी म्हणाले. या वेळी कुणी मान हलवली नाही.

उन्मेषला बोलायचं होतं. त्यानं पेटीचं झाकण लावलं. "माझी टेस्ट चुकीची होती," तो म्हणाला. "माझं नाव ऐकून कुणी औषध थांबवलं असेल तर उद्या सुरू करा." समोर दोघांनी माना खाली घातल्या. एकजण जिन्याकडे जाऊन फोन करायला लागला.

अपूर्वा तोवर उठून बसली होती. शालीची घडी घालत होती, कडेला कड नीट जुळवून.

परतताना गाडीत त्यानं हीटर वाढवला. सिग्नलपाशी ती म्हणाली, "दगडाचं मला काही नव्हतं रे. तू टेस्ट केलीस म्हणून तारीख ढकलली मी."

"हो."

"आता तू म्हणतोस ती चुकली."

"हो."

"आता पुढचं कुणी टेस्ट करायचं?"

सिग्नल हिरवा झाला, त्यानं गाडी काढली.

रविवारी त्यानं मंडळाच्या सगळ्या यादीला ईमेल पाठवला. त्यात उल्हासजींना शिव्या नव्हत्या. लिहिलं होतं ते एवढंच. दगड आट्यावर ठेवून बघा. दिवा चालू ठेवून बघा, बंद करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. कुणी टेस्ट केलंय असं सांगितलं तर टेस्ट कशी केली ते विचारा, मग सांगणारा इंजिनीअर असो, डॉक्टर असो, मी असो. आणि तुमच्या शरीराचा प्रश्न जो शरीर उघडून शिकलाय त्याला विचारा, त्यालाही दोनदा विचारा. विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

मेल कुणीतरी पुढे धाडला असावा, संध्याकाळी विनिपेगहून तिथल्या मंडळाच्या नंदूचं उत्तर आलं. उल्हासजी शुक्रवारी तिकडे पोचत होते. हॉल बुक होता. "आम्ही आधीच अनाउन्स केलंय, आता कसं करणार?" असं त्यानं विचारलं होतं. उन्मेषनं लिहिलं, "आटा आणून ठेवा."

सोमवारी सकाळी नऊला अपूर्वानं सर्जनच्या ऑफिसला फोन लावला. किचनच्या ओट्याशी उभी राहून. गुरुवारबद्दल काय सांगणार ते तिनं उन्मेषला सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. दोघांनी चहा केला होता. तिनं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. पलीकडच्या बाईनं थांबायला सांगितलं. फोनमधून पियानो वाजायला लागला.

ती अजून होल्डवर आहे.