ब्याण्णव गुणांची बाटली

मी बाटली बोलतेय. बडोद्यात, गोत्रीतल्या एका फ्लॅटच्या खिडकीत, पोटात पाणी आणि गळ्यात मनीप्लँट घेऊन उभी आहे. दारूबंदीच्या राज्यात ही कशी, असं विचाराल. रिकामी होते, म्हणून आले. पण आले ती फसवली जाऊन.

माझं माहेर दिंडोरीकडचं. नीरजाच्या मळ्यातल्या द्राक्षांची लाल वाइन माझ्यात भरली होती. ही बाई भलती हट्टी. शेजारच्या बागांत औषधाचे पंप फिरायचे आणि ही शेणखताची पिंपं ढवळत बसायची. भुरी रोगाने निम्मी बाग गेली, तरी तिने रासायनिक औषधाला हात लावला नाही. घरचे कंटाळले, तेव्हा म्हणाली, "दादा काय म्हणतो ते बघू. तो म्हणेल तर सोडून देईन."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, वरद. इथेच बडोद्यात, मकरपुऱ्याच्या कारखान्यात नोकरी, आणि सुट्टी काढून बाहेरगावी वाइनला गुण द्यायला जाणार. चाखायची परक्या गावात, लिहायची बडोद्यात. मासिकात त्याच्या शब्दाला वजन होतं.

पुण्यातल्या चाचणीत आम्हा सगळ्या बाटल्यांना कापडी पिशव्या घातल्या होत्या. वरदने घोट घेतला, घोळवला, थुंकला. राग मानू नये, त्यांची रीतच ती. मग त्याने लिहिलं, ब्याण्णव. त्या दिवशी इतके गुण दुसऱ्या कुणालाच नव्हते. मी केवढी सुखावले म्हणून सांगू!

पिशवी निघाली. लेबल वाचून वरदचा चेहरा पडला. शेजारचे म्हातारे परीक्षक हसून म्हणाले, "सेंद्रिय आहे होय! नेहमीचंच. न बघता चाखली की ह्या लाल वाइन वर जातात, लेबल दिसलं की लोक नाक मुरडतात."

वरद हसला नाही. "बहिणीचा मळा आहे," तो पुटपुटला. "लोक म्हणतील, घरच्यांना झुकतं माप दिलं." त्याने ब्याण्णव खोडून शहाऐंशी केले आणि खाली शेरा मारला, 'प्रयत्न प्रामाणिक, पण वाइनमध्ये जीव नाही.' पुढे मासिकातही तेच छापून आलं. जीव नाही? अहो, मी तिथेच होते ना!

मग कसल्या मायेने मला पिशवीत घालून घरी आणलं, ते त्यालाच ठाऊक. त्याच्या बायकोने, निरुपमाने, मला बादलीत भिजवून लेबल खरवडलं. "सोसायटीतलं कोणी बघितलं तर खाली-फुकट माथाकूट," म्हणाली.

भाऊबीजेला नीरजा आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, वेल छान वाढलीय." मला ओळखलंही नाही. ओवाळून झाल्यावर पाटाशेजारीच बसून ती भावाला म्हणाली, "दादा, यंदा छाटणीपासून औषध मारायला लागले. सेंद्रियचं प्रमाणपत्रही सोडलं. दुसऱ्या कुणी तसं लिहिलं असतं तर ऐकलं नसतं. पण तू माझं वाईट कशाला लिहिशील?"

आता सांगेल, मला वाटलं. निदान आता तरी.

"बासुंदी घे ना अजून," वरद म्हणाला.

नीरजाने वाटी पुढे केली. तिला स्टेशनवर सोडून तो परतला, सोफ्यावर बसला, आणि निरुपमाने "काय झालं?" विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतंय.

तो बोलणार नाही, हे मला कळून चुकलंय. म्हणून तुमच्यापुढे पदर पसरते. दिंडोरीकडे कुणी जाणार असाल, तर नीरजाला गाठा आणि सांगा, तुझ्या भावाने आधी ब्याण्णव दिले होते. जरा लवकर जा. यंदाच्या फवारण्या अजून संपलेल्या नाहीत.