इटेचा रंग

पुस्तकाची पानं दोनशे बारा. गाणी एकसष्ट. त्यांतली त्रेचाळीस मी फोनवर रेकॉर्ड करून, ऐकून ऐकून कागदावर उतरवलेली. छायाचित्रं चार. दोन मी काढलेली, तिसऱ्यात माझ्या चपला दिसतात. डॉ. उदयसिंह खर्डेकर हे नाव अकरा ठिकाणी. 'अनाम' हा शब्द एकोणीस ठिकाणी. कमळाबाई हे नाव शून्य ठिकाणी. दोन दिवसांनी मी पुन्हा मोजलं. शून्यच.

कमळाबाई म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. आमच्याकडच्या गावांत लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यांवर. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा आणि तो गाणारी बाई ठरलेली. कमळाआजी चोपन्न वर्षं धवलारीण आहे. मिठागरं गेली, गाव गेलं, आता ती रोडपालीत सातव्या मजल्यावर मुलाकडे राहते; पण लग्न ठरलं की पहिला फोन तिलाच येतो.

मी बी.एस्सी. केमिस्ट्रीची. दुसऱ्या वर्षाला आम्हा सायन्सवाल्यांना एक विषय बाहेरचा घ्यावा लागायचा. मी मराठी लोकसाहित्य घेतलं, कारण ते वेळापत्रकात प्रॅक्टिकलच्या आड येत नव्हतं. शिकवायला खर्डेकर सर. सर छान शिकवायचे, हे मला नोंदवलं पाहिजे. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं: लोकसाहित्याला कर्ता नसतो. ते समूहाचं असतं. दोन गुणांचा हमखास प्रश्न. परीक्षेत मी तेच लिहिलं आणि दोनपैकी दोन मिळवले.

प्रकल्पात मात्र मी वेगळं लिहिलं, कारण मोजल्यावर वेगळं निघालं. देव आणायचा एकच धवला मी कमळाआजीकडून तीन लग्नांत रेकॉर्ड केला होता. बावीस ओळींपैकी चौदा ओळी तिन्ही वेळा निराळ्या होत्या. नवरी कोण, बाप कसा, सासर कुठलं, हे बघून ती उभ्या उभ्या नव्या ओळी जोडत होती. म्हणून मी प्रत्येक गाण्याखाली लिहिलं, 'कर्ती: कमळाबाई दाजी मढवी'. सरांनी त्रेचाळीसही ठिकाणी 'कर्ती' हा शब्द लाल पेनानं खोडला. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण दिले आणि शेवटच्या पानावर लिहिलं, 'दोन गुण वजा. संकल्पना स्पष्ट नाही.'

तेव्हा मला राग आला नव्हता. अठ्ठेचाळीस बरेच होते.

राग सरांचं पुस्तक आल्यावर आला, आणि तोही लगेच नाही. मी एक प्रत रोडपालीला घेऊन गेले. आजीला वाचता येत नाही, पण सही शिकल्यापासून स्वतःचं नाव ओळखता येतं. तिनं चष्मा लावला, बोट ओलं केलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकेका ओळीवरून बोट फिरवत ती सगळं पुस्तक पाहत गेली. मी घड्याळ बघितलं नसतं तर बरं झालं असतं. बावन्न मिनिटं.

"माजा नाव कुठं हाय गो?"

"नाहीये, आजी."

"यो कोनाचा?" तिनं मुखपृष्ठावर बोट ठेवलं.

"सरांचं."

"त्यानी लगना लावली?" तिनं पुस्तक मिटून सोफ्यावर ठेवलं आणि पंखा वाढवायला उठली.

मी सरांना केबिनमध्ये भेटले. मी आता तळोज्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, हे ऐकून त्यांना आनंद झाला. चहा मागवला. मग म्हणाले, "मनिषा, अगं, लोकसाहित्याला कर्ता नसतो. तूच तर परीक्षेत लिहिलंस. मी प्रस्तावनेत 'पनवेल परिसरातील अनाम स्त्रिया' असं किती आदरानं म्हटलंय बघ."

"पण तिला नाव आहे, सर."

"नाव असणं वेगळं, कर्तृत्व वेगळं. तुम्ही सायन्सवाले फार शब्दशः घेता." ते हसले. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले. "पुस्तक तीन कॉलेजांत लागलंय. डिसेंबरात दुसरी आवृत्ती. हळदीचं एखादं जुनं गाणं मिळालं तर बघ ना. अगदी जुनं. अर्थ लागायला कठीण असं."

एस.टी. स्टँडवर येईपर्यंत माझं ठरलं होतं.

मिठाचं पाणी घ्यायचं. त्यात पिवळ्या क्रोमेटचे चार थेंब टाकायचे. वर स्टँडला लावलेल्या काचेच्या नळीत, म्हणजे बुरेटमध्ये, सिल्व्हर नायट्रेट भरायचं. नळीच्या टोकातला बुडबुडा आधी काढायचा. मग थेंब थेंब सोडायचं आणि खालचा फ्लास्क हलवत राहायचं. दुधासारखा पांढरा साका धरतो. ज्या थेंबाला पाणी विटकरी होऊन तसंच राहतं, तिथं थांबायचं. तीनदा तोच आकडा आला तर उत्तर बरोबर. पाण्यात मीठ किती, हे काढायचा हा प्रयोग माझ्या दुसऱ्या वर्षाच्या जर्नलमध्ये सातवा आहे, तारखेसकट, मॅडमच्या सहीसकट.

मी तो आमच्या बोलीत लिहून काढला आणि आजीला वाचून दाखवला. 'काचेची नळी' म्हटलं तर संशय येईल म्हणून मी येळूची, बांबूची, केली होती.

तिनं ऐकून घेतलं. "यो कसला धवला?"

मी सगळं सांगितलं. सरांचं बोलणंही, जसंच्या तसं.

"धवल्यान खोटा नाय बोलायचा, बाय."

"खोटं नाहीये. असं केलं की पाणी खरंच लाल होतं."

"खरा होतंय? दाकव."

रविवारी मी सामान घेऊन गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टँड लावला. मीठ तिच्याच बरणीतलं, त्यांच्या गेलेल्या मिठागराचं शेवटचं. तिनं तीन वेळा करायला लावलं. तिसऱ्या वेळी विटकरी रंग आला तसा तिनं माझा हात धरला. "थांब, थांब! आयला रंग." मग बराच वेळ फ्लास्क उजेडात धरून बघत राहिली.

"तुजी शेवटची ओल वाईट हाय," ती म्हणाली. "'उत्तर बरोबर' कोन बोलतं हलदीला? इस्कूल हाय काय?" आणि तिनं तिथल्या तिथं ती बदलली. दोन ठिकाणी माझी मात्राही चुकली होती, तीही सरळ केली. शेवटी गाणं असं झालं; आमच्या बोलीत काढ म्हणजे 'कार', पाड म्हणजे 'पार':

उभ्या येलूची नली, तिचा बुरबुरा कार गो
खाऱ्या पान्यान बाय, हलद पिवली पार गो
चांदीचा थेंब थेंब, दुदाचा ढग झाला गो
हालव गो बाय हालव, हात दुकाला आला गो
इटेचा रंग आयला, थांब गो बाय थांब गो
तीनदा सारका झाला, मंग नवऱ्याला सांग गो

"मास्तराला कलंल काय?" तिनं विचारलं.

"मीठ ओळखत असतील तर कळेल."

सरांना ते गाणं मी मेलनं पाठवलं. चोवीस मिनिटांत उत्तर आलं. अद्भुत. हे किती जुनं असेल, कल्पना आहे तुला?

मी खोटं काहीच लिहिलं नाही. फक्त त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीत ते बासष्टावं गाणं होतं आणि त्यावर पाच पानांचं विवेचन. पिवळं पाणी म्हणजे कौमार्य. चांदी म्हणजे चंद्र, म्हणजे मन. बुडबुडा हा अहंकार, जो विवाहापूर्वी नववधूनं त्यागायचा. विटेचा रंग म्हणजे कुंकू, तसंच चुलीची भाजलेली माती. 'तीनदा' म्हणजे सत्त्व, रज, तम. मी ती पाच पानं चार वेळा वाचली. जेवताना आठवून हसायला यायचं.

प्रकाशन शनिवारी सकाळी, जुन्या पनवेलमधल्या एका सभागृहात होतं. खुर्च्या एकशे ऐंशी, माणसं साधारण दीडशे. तिन्ही कॉलेजांची मुलं आणली होती. सूत्रसंचालन करत होती रेवा, खांदा कॉलनीतली माझी मैत्रीण, आता सरांकडेच मराठीत एम.ए. करते. सरांनी मला कळवलं होतं, आजींना घेऊन ये, शाल-श्रीफळ देऊ, दोन ओळी गातील.

रेवानं माझी पिशवी बघितली. "हे काय आणलंयस? बॉम्ब?"

"मीठ."

"मनिषा, मला वर्षअखेरीला व्हायवा द्यायचाय त्यांच्यासमोर."

"तू फक्त माईक दे. तुला काही माहीत नव्हतं."

"मला खरंच काही माहीत नाहीये!"

"मग झालं तर."

सर अर्धा तास बोलले. बासष्टावं गाणं त्यांनी पाठ म्हटलं, आवाज चढवून, डोळे मिटून. हे किमान चारशे वर्षांपूर्वीचं असावं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी आजीला शाल दिली आणि माईक दिला. मी उठून म्हणाले, या गाण्याचा विधी आम्ही करून दाखवतो. सरांचा चेहरा उजळला. "वा! विधीसुद्धा जिवंत आहे! आणा, आणा."

मी टेबलावर स्टँड लावला. सर कौतुकानं जवळ आले, नळीच्या टोकाला अंगठा आणि बोट लावून म्हणाले, "ही येळूची नळी?" सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की काही तासांनी काळा डाग पडतो आणि दहा-बारा दिवस जात नाही. मी त्यांना थांबवलं नाही.

आजी गायला लागली. घरी आम्ही अकरा वेळा तालीम केली होती, थेंबांचा वेग तिच्या लयीला बसवलेला होता. ढग झाला. तिनं हालव म्हटलं, मी हालवलं. 'इटेचा रंग आयला' हे शब्द आणि तो रंग यांत दोन थेंबांचं अंतर पडलं असेल. मी तोटी बंद केली, फ्लास्क वर धरला. सभागृहात कुणीतरी "आईशप्पथ" म्हणालं.

मग मी जर्नल उघडून प्रयोग क्रमांक सात वाचला. उद्देश, साहित्य, कृती. 'बुरेटमधील हवेचा बुडबुडा काढावा' इथं मागच्या रांगेतला सायन्सचा एक घोळका हसायला लागला. 'समान वाचने तीन' इथपर्यंत सगळं सभागृह हसत होतं. रेवा पडद्यामागे गेली होती.

"मनिषा," सर माईकशिवाय म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

"सर, या गाण्याला कर्ता आहे का?"

"ही फसवणूक आहे! हे तू रचलंयस."

"म्हणजे कर्ता आहे."

"अर्थातच आहे! कुणीतरी बसून लिहिल्याशिवाय का..." ते थांबले.

"मग बाकीच्या त्रेचाळीसांना?"

रेकॉर्डिंगमध्ये नंतर मोजलं. सर सव्वीस सेकंद पुस्तकाची पानं उलटत होते. बोलली ती आजी. माईक तिच्याच हातात होता.

"मास्तर, पोरीचा नाव इचारून, बापाचा सबाव बगून मी गाना जोरतंय. चोपन वरसा झाली. तुमी बोलताव कुनीच नाय जोरला. मंग मी कोन, भूत हाय?"

लोक हसले, पण वेगळं.

"शाल नको. शाली घरान हाईत. नाव द्या."

"देतो, आजी," सर म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत नक्की."

"फुरची कवा येल, मी असंन का नसंन. याच पुस्तकान. चिठ्ठी लावा. आनि तुमी सोता लावायची."

"स्वतःच लावतो. शब्द देतो." दीडशे लोक ऐकत होते, त्यांना दुसरं काही म्हणता आलं नसतं.

तिन्ही कॉलेजांनी दुसरी आवृत्ती घ्यायचं थांबवलं. प्रकाशकानं तीनशे प्रती सरांच्या केबिनमध्ये आणून टाकल्या. सरांचा फोन आला. "नेमकं काय छापू?" मी मजकूर सांगितला. या पुस्तकातील त्रेचाळीस धवल्यांची कर्ती: कमळाबाई दाजी मढवी, रोडपाली. "'कर्ती'च्या ऐवजी 'माहितगार' चालेल का?" मी म्हटलं, नाही. चिठ्ठीचं माप सात गुणिले दोन सेंटिमीटर, आतल्या पानावर, त्यांच्या नावाच्या वर, कडेला समांतर.

चार दिवसांनी मी स्टीलची पट्टी घेऊन गेले. सर डिंकाची बाटली बंद करत होते. उजव्या अंगठ्यावर आणि बोटावर काळे डाग तसेच होते. त्यांनी चहा विचारला नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि एकेक प्रत उघडून तपासली. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त तिरकी असेल ती चिठ्ठी चूक धरली.

"आता हेही मोजणार?" सर म्हणाले.

"फार शब्दशः घेते मी, सर."

त्यांनी डिंकाची बाटली खणात ठेवली. मी पुढची प्रत उघडली. तपासायला दोन तास दहा मिनिटं लागली. मग मी त्यांच्या टेबलावरचा लाल पेन उचलला आणि वरच्या प्रतीच्या शेवटच्या पानावर लिहिलं.

एकूण प्रती तीनशे. बरोबर दोनशे अठ्ठ्याऐंशी. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.