बाणापुढे गेलेला पारा

मी एक जुना थर्मामीटर आहे आणि मित्रांनो, माझा कुणावरही विश्वास नाही. यात माझा दोष नाही, धंदाच तसा आहे. माणूस तोंडाने वाटेल ते सांगतो. त्याच तोंडात जिभेखाली मला ठेवले की खरे काय ते कळते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. काच तापवून, ओढून माझी बारीक नळी केली, तिच्यात पारा भरला आणि अंगावर फॅरनहाइटच्या रेघा कोरल्या. अठ्ठ्याण्णवच्या जरा पुढे एक छोटा बाण काढला. पारा बाणापाशी थांबला तर माणूस धड, पुढे गेला तर ताप. एनिड हॅलोरन नावाच्या तरुण परिचारिकेने मला विकत घेतले आणि सिंगापूरच्या एका रुग्णालयात मी तिच्या खिशात राहू लागलो. पुढे युद्ध आले. आम्ही पळून जात असताना जपान्यांनी जहाज अडवले आणि आम्हाला सुमात्रातल्या बायकांच्या छावणीत आणून टाकले.

छावणीत तारेचे कुंपण होते, झापांच्या झोपड्या होत्या आणि डास होते. दवाखाना म्हणजे बांबूचे लांबलचक बाक. तो सांभाळत होत्या एनिड आणि सिस्टर लिडविना नावाची एक वयस्कर डच नन. बाकीचे थर्मामीटर एकेक करून फुटले, मी तेवढा उरलो, त्यामुळे माझे कौतुक काय विचारता! मला कापसात गुंडाळून बांबूच्या नळीत ठेवत. हिवतापावर किनिनच्या गोळ्या अगदी थोड्या होत्या. समुद्रापलीकडे जावात किनिनच्या झाडांचे मळेच्या मळे होते, पण आमच्या डबीचा तळ दिसत होता. म्हणून मी साक्ष दिल्याशिवाय कुणालाही गोळी मिळत नसे.

मग लबाडी आलीच. टर्पस्ट्राबाई नावाची एक मळेवाल्याची बायको होती. ती कढत चहाची गुळणी तोंडात धरून माझ्यापुढे यायची.

"एकशे आठ!" एनिड मला उजेडात धरून म्हणाली. "बाई, या हिशेबाने तुम्ही कालच देवाघरी पोचला असाल. चहा कुठून मिळाला, ते तरी सांगा."

बाक हसून लोटपोट झाला. टर्पस्ट्राबाईने मात्र ते मनात ठेवले.

सिस्टर लिडविनाचे माझ्याशी कधी जमले नाही. तिच्या देशात ताप सेल्सियसने मोजतात. "एकशे दोन? अगं, आमच्याकडे शंभराला पाणी उकळतं!" ती म्हणायची. त्यामुळे आकडा नेहमी एनिडच वाचायची आणि तिला समजेल असा करून सांगायची. ही सवयच पुढे घात करणार होती.

एकदा पहाटे एनिडने झोपडीच्या मागे जाऊन मला स्वतःच्याच जिभेखाली ठेवले. माझा पारा सरसर चढत एकशे तीनवर गेला. तिने पाहिले, मनगटाला झटका दिला, पारा खाली आला. मग पुढे येऊन स्वतःचा आकडा सांगत म्हणाली, "सिस्टर, साडेछत्तीस. ठणठणीत!" दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कुठेतरी पाणी मुरत होते. मी खोटे बोलत नाही, पण माझ्या नावावर खोटे बोलले जात होते आणि मला वाचा नव्हती.

इकडे एनिडला हाका ऐकू येईनाशा झाल्या. टर्पस्ट्राबाईने नेमके हेरले. सिस्टरच्या कानाशी लागून ती म्हणाली, "किनिन खाल्लं की कान वाजतात, तुम्हाला मी सांगायला नको. हिचे कान बघा कसे वाजतायत. खाई त्याला खवखवे!"

तो विषारी घास सिस्टरने गिळला. संध्याकाळी तिने एनिडला गाठले.

"डबी तुझ्या ताब्यात आणि कान तुझेच वाजतायत. खरं सांग पोरी, गोळ्या खातेस ना?"

"नाही, सिस्टर."

"मग मघाशी चार हाका मारल्या, त्या ऐकू कशा आल्या नाहीत?"

"तुमचा आवाजच नाजूक."

"माझा? मठातली पाखरं उडायची माझ्या आवाजानं!"

एनिड हसली, पण सिस्टर हसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती एनिडच्या मागोमाग झोपडीमागे आली, गोळ्या खाताना चोर पकडायला. एनिडच्या तोंडात मी होतो. सिस्टरने मला हिसकावून घेतले.

"द्या इकडे! तुम्हाला नाही वाचता येत तो," एनिड झेपावली. तिला मला झटकायचे होते.

सिस्टरने हात उंच धरला. "आकडे नाही कळत मला. बाण कळतो."

पारा बाणाच्या कितीतरी पुढे गेला होता. सिस्टरने हात खाली घेतला. "कान तापानं बंद झालेत तुझे... आणि गोळी? एकही नाही घेतलीस?"

"बाकावरच्या सगळ्याजणींना पोरं आहेत, सिस्टर. मी आडवी झाले असते तर तुम्ही गोळ्या मलाच दिल्या असत्या."

"आणि मी तुला चोर ठरवलं गं," सिस्टर म्हणाली आणि तिथेच मातीत बसली.

मग लबाड रोग्यांना द्यावी तशी तिने एनिडला गोळी दिली. "तोंड उघड. गिळ. जीभ वर कर, बघू दे मला." एनिडने लहान मुलीसारखे सगळे ऐकले. पण ताप डोक्यात चढला होता, किनिनला फार उशीर झाला होता. त्याच आठवड्यात एनिड गेली. मला तिची फार आठवण येते.

त्यानंतर सिस्टरने नियम केला. रोज सर्वांत आधी मी सिस्टरच्या आणि तिच्या मदतीला आलेल्या बायकांच्याच तोंडात जायचो आणि आकडा वाचायची दुसरीच. तोवर मला कुणी झटकायचे नाही. सिस्टर फॅरनहाइटही शिकली. युद्ध संपल्यावर तिने मला मठात नेले. ती गेल्यापासून मी एका खणात सुया-दोऱ्यांबरोबर पडून आहे. आता ताप मोजायला बीप-बीप करणारी यंत्रे आली आहेत, मला कोण विचारतो?

मला विचारू नका, मित्रांनो, चालेल. पण तुमच्या घरातही आजाऱ्याच्या उशाशी जागणारे कुणीतरी असेल. तिला तब्येत विचाराल, तर ती म्हणेल, "मला काय धाड भरलीये!" तिच्या बोलण्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. आधी तिच्या कपाळावर हात ठेवा.