भट्टीमागचा खड्डा

चाबकाचे फटके ऐकून थोरली धावत आली. तिचा धाकटा भाऊ घोडीला बडवत होता. घोडी भिंतीला कपाळ टेकून उभी, मागचे पाय लटपटत होते, पण जागची हलत नव्हती. याला वाटलं, कामचुकारपणा.

थोरलीनं चाबूक हिसकला आणि त्याच्याच पाठीवर ओढला.

"आजारी आहे रे ती. डोळे बघ तिचे."

दोघं एकाच आवारात राहायची, वीटभट्टीच्या गाड्या हाकायची. गेल्या महिन्यात जनावरांचे डॉक्टर सांगून गेले होते, की डास चावून घोड्यांना मेंदूचा ताप येतो. लस टोचून घ्या, भट्टीमागचा पाण्याचा खड्डा बुजवा. थोरलीनं आपल्या घोड्याला लस टोचून घेतली. भाऊ म्हणाला, सुईनं जनावर मऊ पडतं. खड्ड्याचं नाव निघताच, त्याच पाण्यावर विटा पाडणाऱ्या भट्टीवाल्यानं डॉक्टरांना हुसकून लावलं. ज्याच्या भट्टीवर पोट, त्याच्याशी वाकडं कोण घेणार?

मार थांबला तशी घोडी उधळली. गरागरा फिरली, दारावर आदळली, आणि लगाम धरायला गेलेल्या भावाचा हात तिच्या अंगाखाली सापडला. हाड मोडलं ते आम्हा शेजाऱ्यांना कुंपणापलीकडे ऐकू आलं. घोडी पुन्हा उठली नाही. पडल्यापडल्या पाय झाडत राहिली. शेवटी डॉक्टरांनीच येऊन, सुई देऊन तिला यातनांतून सोडवलं.

दुपारी भट्टीवाला दहाबारा जणांना घेऊन आला. सगळ्यांच्या हातात काठ्या. म्हणे, थोरलीचा घोडाही मारायचा, नाहीतर रोग घरोघरच्या तबेल्यात शिरेल. रोग रेड्याला नि औषध पखालीला! थोरली फावडं घेऊन दारात उभी राहिली. पहिला दगड तिच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं तरी ती हटली नाही. काठी उगारून जो पुढे आला त्याच्या नडगीवर तिनं फावडं हाणलं.

तेवढ्यात भाऊ आला. मोडका हात गळ्यात बांधलेला. तो बहिणीच्या पुढे उभा राहिला.

"घोड्याचा हा रोग घोड्याला लागत नाही. डासानं होतो, आणि डास त्या खड्ड्यात होतात. डॉक्टर घसा फोडून सांगत होते, मी ऐकलं नाही. मरती घोडी मी चाबकानं फोडली. मारायचं तर मला मारा."

मग ज्याची नडगी फुटली होती तोच लंगडत खड्ड्याकडे निघाला. त्याच्याही दावणीला दोन घोड्या होत्या. भट्टीवाला आडवा आला, त्याला लोकांनी ढकलून चिखलात पाडलं.

दिवस मावळायच्या आत खड्डा बुजला. भावाला फावडं धरता येत नव्हतं. तो काठावर बसून पायानंच माती आत लोटत होता.