पलीकडची तानाक्का

तानाक्काच्या अंगणापुढं नदी होती आणि नदीला एकच काठ होता. दुसरा काठ मंगळवारी सकाळी आला. ती सडा टाकायला बाहेर आली तेव्हा तो समोर उभा होता, झाडांसकट, घरांसकट, चुलींच्या धुरासकट. तिथून एक पूलही निघाला होता आणि त्याचं अलीकडचं टोक नेमकं तिच्या अंगणात टेकलं होतं, कालच्या रांगोळीवर.

तिला फारसं नवल वाटलं नाही. हे गाव, उंबरपाणी, म्हणजे 'सातघाट' नावाच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा पहिला भाग होतं, आणि ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, आपल्याला आपला तालुका ठाऊक असतो तशी. पहिला म्हटला की कधीतरी दुसरा येणार. अकरा वर्षं आला नाही म्हणून सगळे गाफील राहिले, एवढंच.

सगळे म्हणजे तरी कोण? माणसं दोनच. बाकीच्या घरांची दारं नुसती रंगवलेली होती, ती कधी उघडली नाहीत. तानाक्का पाणपोई सांभाळायची आणि गेनबा तलवारींना धार लावायचा. आणि तिसरा तो, हा खेळ खेळणारा. खेळायला बसताना त्यानं स्वतःचं नाव 'पाटलांचा वाघ' असं टाकलं होतं. असल्या नावानं बाईमाणसानं हाक कशी मारायची? म्हणून ती त्याला पाव्हणं म्हणायची.

पाव्हणा लढून यायचा, कट्ट्यावर बसायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि त्याच्या जखमा भरून यायच्या. मग तानाक्काच्या डोक्यावर हवेत तीन ओळी उमटायच्या, त्यांतली एक त्यानं निवडायची. 'पाणी दे.' 'वाट सांग.' 'येतो.' अकरा वर्षांत त्याचे सगळे राक्षस मारून झाले होते, तेही दोनदा. मारायला कुणी उरलं नाही, अंगावर ओरखडा नाही, तरी तो यायचा आणि कट्ट्यावर बसायचा. आता तुम्हीच सांगा, कुणासाठी येत असेल? तानाक्कानं त्याचं उत्तर कधीच काढून ठेवलं होतं. ते ती गेनबाला सांगत नसे, पण रोज सकाळी कट्टा पुसताना गालात हसायची.

गेनबा डोळ्यांवर हात धरून पलीकडं बघत होता.

"तिकडं पण एक गेनबा हाय," तो म्हणाला. "त्याच्या मिशीला केस हायती. सुटे सुटे."

"तुझ्या मिशीला काय झालंय?"

"माझी एकच हाय. सलग."

तानाक्कानं बादली खाली ठेवली. "आन् मी?"

"तू पण हायेस की. पदर उडतोय तुझा."

तानाक्कानं स्वतःच्या पदराकडं पाहिलं. अकरा वर्षांत तो एकदाही हलला नव्हता. उंबरपाणीत वारा होता, पण तो फक्त पिंपळाच्या पानांना लागायचा, आणि पानंही सगळी एकदम डावीकडं जायची आणि एकदम उजवीकडं. आजवर तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्या दिवशी तिनं सारा वेळ पदर हातानं हलवून पाहिला. खोटं कशाला बोलू, तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

संध्याकाळी पाव्हणा पलीकडून पुलावरून आला आणि कट्ट्यावर बसला. अधूनमधून तो आपल्याशीच बोलायचा, खोलीत एकटाच बसलेला माणूस बोलतो तसं.

"पहिल्या भागाची सर नाही त्याला," तो म्हणाला.

तानाक्काला धन्य वाटलं. त्यानं न मागताच तिनं दुसरा तांब्या भरला. पाव्हण्यानं तो घेतला, 'येतो' म्हणाला, आणि पुलावरून पुन्हा पलीकडं गेला.

बुधवारी म्हणाला, "पहिल्यात जीव होता." आणि पलीकडं गेला. गुरुवारी म्हणाला, "पहिल्यातली माणसं साधी होती, थोडकं बोलायची. हे सारखं बोलतात." आणि पलीकडं गेला, ते थेट शुक्रवारपर्यंत. असलं कौतुक काय चाटायचंय? गुण इकडचे गायचे आणि मुक्काम तिकडं. दुसरी कुणी असती तर तोंडावर विचारलं असतं, पण तानाक्काला पाव्हण्यासमोर सहाच वाक्यं बोलता यायची आणि त्यांत हे नव्हतं. गेनबाशी मात्र ती हवं ते बोलू शकायची, आणि ती बोलली. गेनबानं सगळं ऐकून घेतलं.

"पर मिशी झकास हाय त्याची," तो शेवटी म्हणाला.

शुक्रवारी पाव्हणा रिकामं पोतं घेऊन आला. पहिल्या भागातलं आवडीचं सामान दुसऱ्यात नेता येतं, अशी सोय केलेली होती. त्याच्या हातात यादी होती. त्यानं आपली जुनी तलवार पोत्यात टाकली, लोखंडी टोप टाकला, घोडा घडी घालून टाकला. मग गेनबाचं नाव आलं; तिकडच्या गेनबाला मिशी होती, पण धार लावता येत नव्हती. गेनबा आधी डोकं घालून पोत्यात शिरला. पाय आत जाईस्तोवर "धार लावू का? धार लावू का?" असं त्याचं चाललं होतं.

तानाक्का दारात उभी राहिली. पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. पाव्हण्यानं यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि पोत्याचं तोंड बांधलं.

"तानाक्का आहे तिकडं आधीच," तो स्वतःशी म्हणाला.

तोंडात मारल्यासारखी ती उभी राहिली. वैरी दूरचा असला तर सोसतो माणूस. इथं तिचंच नाव, तिचंच कपाळ, तिचीच पाणपोई घेऊन दुसरी बसली होती, आणि तिच्यामुळं हिला पोत्यातसुद्धा जागा नव्हती. त्या बाईला नदीत ढकलावं असं तिला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं.

त्या दिवसापासून उंबरपाणी आटायला लागलं. गेनबाच्या भट्टीपासून पाणपोईपर्यंत चाळीस पावलं होती, शनिवारी सकाळी नऊ भरली. दुपारी भट्टी आणि पाणपोई यांची भिंत एकच झाली. पिंपळ कट्ट्याला येऊन चिकटला, मग त्यातून आरपार निघून गेला. तिच्या लुगड्यात अठरा रंग होते, त्यांतले चार राहिले. सहा वाक्यांतली चार गेली. उरली ती दोन: "घोटभर पाणी घ्या" आणि "या".

रविवारी ती पलीकडं गेली. पूल तिला घेईना, तिचं नाव यादीत नव्हतं. पण तिच्या बाजूची नदी नुसती काढलेली होती, भिंतीवर काढतात तशी, तेव्हा ती तिच्यावरूनच चालत गेली. मध्यावर पाणी खरं झालं आणि गुडघ्यापर्यंत भिजून ती काठाला लागली.

पलीकडची तानाक्का पाणपोईत बसली होती. जवळून ती आणखी वाईट होती, म्हणजे आणखी चांगली होती. हसली की तिच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडत, मग जात. तिला सून होती, सुनेबद्दल गाऱ्हाणं होतं, उजवा गुडघा दुखत होता. माठातल्या पाण्यात आभाळ दिसत होतं. हिच्या माठातलं पाणी नुसतं निळं असायचं.

"बस की बाई," पलीकडची म्हणाली. "लांबनं आलीस."

"इथनंच आले. समोरनं."

"भिजलीस की. घे, पदर पूस."

तिनं आपला उडता पदर पुढं केला. तानाक्कानं तो घेतला नाही. वाईट वागली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

तेवढ्यात पाव्हणा आला. डोक्यावर तोच जुना टोप. त्यानं अलीकडच्या तानाक्काकडं पाहिलंसुद्धा नाही, इथं तिला जागाच ठेवलेली नव्हती. तो बसला आणि पलीकडची बोलायला लागली. सून, गुडघा, यंदाचा पूर, घाटातल्या वाटा. बेचाळीस वाक्यं. पाव्हणा पाणी प्यायला. मग तिच्या डोक्यावर ओळी उमटल्या, एकूण नऊ, आणि सगळ्यांत खालची होती 'जातो'.

त्यानं ती निवडली. "जातो," तो म्हणाला, आणि पलीकडचीचं "जा" पुरं व्हायच्या आत दिसेनासा झाला.

तानाक्काच्या अंगावर काटा आला. "उंबऱ्यावर उभं राहून जातो म्हणतो?"

"आधी येतो व्हतं म्हणं," पलीकडची म्हणाली. "मग कुणीतरी चूक म्हणून कळवलं. येतो म्हणतोय आन् माणूस तर जातोय. बनवणाऱ्यांनी बघितलं. खरंच की, म्हणाले. दुरुस्त केलं."

"कुणाच्या पोटची असली माणसं?"

"काय की. लांब ऱ्हात असतील." पलीकडचीनं माठावर झाकण ठेवलं. तिच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या, आणि या वेळी ती हसत नव्हती. "जातो म्हणून जातो तो जातोच बघ. उद्या येणारा नवा असतो. मला वळखत न्हाई. सून, गुडघा, सगळं पयल्यापासनं सांगाय लागतं. तुला काय म्हणतो गं निघताना?"

तानाक्काला आपलं घर आठवलं. तो 'येतो' म्हणायचा, ती 'या' म्हणायची, आणि ती 'या' म्हणेपर्यंत त्याचा पाय उंबऱ्याबाहेर टेकत नसे. तसं बसवलेलंच होतं. अकरा वर्षं. तिनं समोरच्या बाईकडं पाहिलं. बेचाळीस वाक्यं, सून, पाण्यातलं आभाळ, आणि हिच्याकडं एवढी एक गोष्ट जास्त. ती वाटून घ्यावी इतकं मोठं मन तिचं नव्हतं.

"मला पण तेच," ती म्हणाली. "जातो म्हणतो."

"मग आपण सारख्याच," पलीकडची म्हणाली, आणि तिला खरोखर बरं वाटलेलं दिसलं.

तानाक्का परत आली ती मनातल्या मनात नाचत. खोटं बोलल्याचं तिला थोडंही वाईट वाटलं नाही.

सोमवारी दुपारी पाव्हणा तिच्याकडं आला. उंबरपाणीत तोवर कट्टा, माठ, त्यामागची भिंत, उंबरा, पुढचं अंगण आणि ती, एवढंच उरलं होतं. तो कट्ट्यावर टेकला. जागा इतकी कमी की त्याचे गुडघे तिच्या माठाला लागले.

"घोटभर पाणी घ्या," तानाक्का म्हणाली.

त्यानं घेतलं. सावकाश प्यायला. मग स्वतःशी म्हणाला, "काढायला लावलाय पहिला भाग. कॉम्प्युटरवर जागा पुरत नाही. म्हटलं तोवर एकदा बसून यावं."

काढायला लावलाय म्हणजे काय, हे तिला वेगळं कळावं लागलं नाही. माठामागची भिंत त्याच वेळी गेली. तिथं पांढरं होतं, नुसतं पांढरं, रंगसुद्धा म्हणता येणार नाही असं. मग माठ गेला. पाव्हण्याच्या हातातला तांब्या गेला आणि त्याची बोटं तशीच वळलेली राहिली.

तिच्या डोक्यावर एकच ओळ उमटली, तीही अर्धी पुसट. त्यानं ती निवडली. उठला, उंबऱ्याशी गेला, एक पाय बाहेर उचलला.

"येतो," तो म्हणाला.

अकरा वर्षांत हा माणूस तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, हे पहिलंच. तो आता तिकडं जाणार, त्या बाईच्या कट्ट्यावर बसणार, रोज नवा होऊन बसणार, आणि ती त्याला सुनेचं गाऱ्हाणं सांगणार. तानाक्कानं ओठ मिटून घेतले.

त्याचा पाय वरच राहिला.

"येतो," तो पुन्हा म्हणाला.

ती बोलली नाही. 'या' तिच्या तोंडात होतं, न गिळलेल्या घोटासारखं, आणि तिनं ते तसंच धरून ठेवलं. पलीकडच्या काठावर दुसरी तानाक्का तांब्या घेऊन पाण्यापर्यंत आली होती आणि कपाळावर हात धरून इकडं बघत होती. बघ म्हणावं. हवं तेवढं बघ. तानाक्काला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मग पूल गेला. नदी गेली, आणि नदीबरोबर पलीकडचा काठ, ती बाई, तिचा पदर. अंगण रांगोळीपर्यंत आलं, रांगोळीतून उंबऱ्यापर्यंत आलं, आणि उंबऱ्याच्या दगडाशी थांबलं. पाव्हण्याच्या उचललेल्या पायाखाली आता काही नव्हतं. त्यानं खाली पाहिलं नाही. ती 'या' म्हणाली की पाय टेकायचा, एवढंच त्याला माहीत होतं. तानाक्कानं त्याचा दंड धरायला हात पुढं केला, तर तिचा हात कोपरापर्यंतच होता.

तो तिच्याकडं वळला. डोक्यावरची ओळ केव्हाच पुसली होती, निवडायला काही उरलं नव्हतं.

"येतो हां, तानाक्का," तो म्हणाला.

नाव घेऊन तो कधीच बोलला नव्हता. तिचे ओठ सुटले.